रायकरांचं नाक

३ ऑगस्ट २०२५, रविवार

आजपासून रोजनिशी. स्वतःपुरतीच. आप्पांच्या जुन्या पंचांगांखाली ठेवणार, तिथे कोणी हात घालत नाही.

बाणेरचं परफ्यूमचं दोन दिवसांचं वर्कशॉप पूर्ण. सर्टिफिकेट लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलं. सर म्हणाले, परफ्यूम बनवणाऱ्याला या धंद्यात ‘नाक’ म्हणतात आणि जगात खरी नाकं फार थोडी. म्हणताना माझ्याकडेच बघत होते. मुक्ता म्हणाली, तुम्ही शिंकत असाल. ती तिथे नव्हती, पण मत आहे.

धायरीची जमीन बिल्डरला देऊन त्यावर रायकर हाईट्स उभी राहिल्यापासून माझी बुद्धी पडून होती. आता नाही. निश्चय: ऋतुजाच्या साखरपुड्याला, ३० नोव्हेंबरला, पाहुण्यांच्या हातावर बाजारचं अत्तर लागणार नाही. तिच्या बापाने बनवलेलं लागेल. लिंबूवर्गीय आणि मसालेदार. नाव, ऋतुगंध. ऋतुजाही त्या दिवशी तेच लावेल. तिला अजून सांगितलेलं नाही. एकदम कळलं की आनंद जास्त होतो.

६ ऑगस्ट

परफ्यूमला स्वभाव असतो. हे लोकांना कळत नाही. माझ्याचा असा: आधी कागदी लिंबू, ईडलिंबू, संत्र्याचं साल, म्हणजे हसून दार उघडणारे. मग वेलदोडा, जायफळ. हे बसा म्हणणारे. शेवटी लवंग, दालचिनी, मिरी. सगळे निघून गेले तरी ही मंडळी घरात राहतात. मुक्ताला समजावून सांगितलं. म्हणाली, म्हणजे तुमच्या आत्या.

देवाने हिला नाक फक्त नथीपुरतं दिलं आहे.

प्रयोग पहिला. स्पिरिटमध्ये सगळी तेलं घातली. लवंग जाणवेना. अजून घातली. तरी जाणवेना. बाटली उपडी केली. मसाल्यांत हल्ली इतकी भेसळ आहे की विचारता सोय नाही. उद्या दुसऱ्या दुकानातून आणणार.

११ ऑगस्ट

कार्ड छापून आलं. जाड कागद, सोनेरी अक्षरं. ‘विश्वजीत हिंदुराव रायकर’ आणि खाली एकच शब्द: ‘नाक’. इंग्रजीत ‘नोज’ छापता आलं असतं, पण मराठीची लाज कसली? एक कार्ड सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावलं.

आप्पांनी कार्ड डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. म्हणाले, नाक हाय हे छापून सांगावं लागतंय व्हय रं? तोंडावर दिसत न्हाय का?

वय चौऱ्याऐंशी. सोडून दिलं.

१४ ऑगस्ट, सकाळी दहा

बी विंगचे एक गृहस्थ आले. सोफ्यावर बसले, मान मागे टाकली आणि म्हणाले, डावीकडचं जास्त बंद आहे. आधी कळेना. मग कळलं की त्यांनी कार्ड वाचलं होतं. माणूस मोठ्या आशेने आला होता, नाही म्हणवेना. वाकून बघितलं. केस फार. लवंग तेलाच्या वाफा घ्या म्हणालो आणि प्रयोग तिसऱ्यातलं थोडं दिलं.

जाताना फी विचारत होते. घेतली नाही. कलावंत आहे, डॉक्टर नाही.

१६ ऑगस्ट

बी विंगचे गृहस्थ परवापासून शिंकत आहेत. पण नाक उघडलं, हे त्यांची बायकोच म्हणाली. ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी इथे लिहीत नाही.

१९ ऑगस्ट

मुक्ता भाजी आणायला गेली होती. दूध उतू गेलं, आटलं, करपलं, पातेलं काळं झालं. मी ओट्यापासून हातभर अंतरावर संत्र्याची सालं काढत बसलो होतो. मुक्ता म्हणाली, मला खाली लिफ्टपाशी वास आला, तुम्हाला इथे बसून नाही आला?

नाही आला, याचा अर्थ काय? माझं नाक आता साधे वास बाजूला टाकायला शिकलं. मोठे गवैये रिक्षाचा भोंगा ऐकतात का? तिला हे सांगितलं. ती आणि ऋतुजा एकमेकींकडे बघत राहिल्या. घरच्यांना उशिराच कळतं.

२७ ऑगस्ट, गणेशचतुर्थी

सोसायटीच्या गणपतीपुढे आरतीच्या वेळी प्रयोग पाचव्याचा फवारा. आरती दोन कडव्यांत आटोपली. पूर्वी लोक प्रसादासाठी रेंगाळायचे. आज मिनिटात मांडव मोकळा. एवढी शिस्त सोसायटीत कधी नव्हती.

३० ऑगस्ट

सेक्रेटरी रविराज कुलकर्णी यांनी बोर्डावर नोटीस लावली: ‘ए विंगमधील एका सभासदाच्या कलेचा त्रास होत असल्यास कळवावे. होत नसल्यास डॉक्टरांना दाखवावे.’

कला हा शब्द त्यांनी स्वतः वापरला. नोटिशीचा फोटो काढून ठेवला.

९ सप्टेंबर

नारायण पेठेत श्यामसुंदर अत्तरवाल्यांकडे गेलो. तीन पिढ्यांचं दुकान, अत्तरात त्यांचा शब्द शेवटचा. प्रयोग सातवा काउंटरवर ठेवला आणि बूच उघडलं. त्यांनी पंखा लावला. म्हणाले, हे जरा पायरीवर ठेवा. ठेवलं. म्हणाले, आपणही पायरीवरच उभे राहिलात तरी चालेल, बोलणं इथवर ऐकू येतं.

पायरीवरून स्वभाव समजावला. लिंबू, वेलदोडा, लवंग. सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, दाढ कोणाची दुखते आहे?

ते बोलत होते तोवर शेजारचा चपलांचा दुकानदार शटर ओढून निघून गेला. श्यामसुंदर म्हणाले, गेल्या अकरा वर्षांत हा कधी जेवायला घरी गेला नव्हता.

हेवा. दुसरं काही नाही. तरी रिक्षात बसल्यावर थोडं वाईट वाटलं.

२८ सप्टेंबर, रविवार

साखरपुड्याची बैठक. येरवड्याला, तेजसच्या घरी. मुलगा आयटीत, माणसं मूळची लातूरकडची, साधी. वडील उत्तरेश्वरराव, आई दुर्गाबाई. निघताना ऋतुजाने माझे खिसे तपासले. बाटली मोज्यात होती.

मानपान, हॉल, जेवण सगळं ठरलं. सगळे खुशीत. हीच वेळ म्हणून मी उठलो, त्यांच्या पडद्यांवर, सोफ्यावर आणि दुर्गाबाईंच्या पदरावर प्रयोग आठवा मारला. दुर्गाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बोलता येईना. तेजस त्यांना धरून गॅलरीत घेऊन गेला. त्यांना दमा आहे, हे मला नंतर कळलं, पण दम्याने डोळे भरून येत नाहीत. कलेचा एवढा परिणाम मी पहिल्यांदाच पाहिला.

उत्तरेश्वरराव म्हणाले, निघा आता तुम्ही, उशीर होईल. दुपारचे साडेतीन वाजले होते. फार काळजी करणारा माणूस.

येताना गाडीच्या सगळ्या काचा खाली.

२९ सप्टेंबर

तेजसचा ऋतुजाला फोन. त्याची आई म्हणते, मुलगी पसंत आहे, पण तो वास साखरपुड्याला असेल तर आम्ही नसू.

ऋतुजा माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, बाबा, त्या हॉलमध्ये एक तर तुमची बाटली असेल नाही तर मी असेन, ठरवा. रडत होती. मी म्हणालो, बेटा, नव्या गोष्टीला आधी विरोध होतोच. ती म्हणाली, मी गोष्ट नाहीये हो, मुलगी आहे. आणि दार आपटून आत गेली.

वयच तसं आहे. साखरपुड्याला माझ्या अत्तराशिवाय पाहुणा आत येणार नाही. शब्द म्हणजे शब्द. मागे हटलो तर रायकर कसला!

२ ऑक्टोबर, दसरा

चमत्कार. मुक्ता स्वतःहून आली. म्हणाली, तुम्ही एवढं ठरवलंच आहे तर होऊ दे, पण बाटल्या भरण्याचं काम माझ्याकडे द्या, तुमच्या हातून सांडतं. ऋतुजा मागे उभी होती, तिनेही मान हलवली. आप्पासुद्धा म्हणाले, मुक्ताई करंल बराबर, तू नको शिनू.

शेवटी घर माझ्यामागे उभं राहिलं. चार महिने कोणी बरोबर नसताना टिकून राहिलो त्याचं फळ. (ऑगस्टपासून दोनच होतात, पण वाटले चार.)

१२ ऑक्टोबर

प्रयोग अकरावा. मुक्ताने फडक्यातून गाळून, मुरवून, भरून दिला. काय सांगू! पाण्यासारखा स्वच्छ. पूर्वीचा मनगटावर मारला की झोंबायचा आणि क्षणात उडून जायचा. हा झोंबत नाही. मनगटावर तसाच टिकून राहतो, ओलावासुद्धा जात नाही. वर्कशॉपचे सर लाँग-लास्टिंग म्हणायचे ते हेच.

सगळा स्वभाव एकत्र आला. आधी लिंबू हळूच डोकावतं. वेलदोडा असून नसल्यासारखा. लवंगेने तर अहंकारच सोडला. मोठी कला अशीच साधी होत जाते.

मुक्ताला विचारलं, कसा वाटतो? ती म्हणाली, आता कोणाला त्रास व्हायचा नाही. तिच्याकडून एवढं म्हणजे फुलांचा हार.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

मुद्दाम नारायण पेठ. श्यामसुंदरांपुढे अकरावा ठेवला. पंखा लावायला उठले, मग बसले. बाटली नाकाला लावली. पुन्हा लावली. चष्मा काढला. तळहातावर थेंब घेतला, हुंगला, माझ्याकडे बघितलं. या वेळी आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली.

म्हणाले, याला नाव ठेवायला जागा नाही. मग विचारलं, आपण स्वतः वास घेतलात? म्हणालो, रोज घेतो. म्हणाले, धन्य आहे. दुकानात ठेवाल का विचारलं. म्हणाले, गिऱ्हाइकाला एवढं सूक्ष्म झेपायचं नाही, घरातच असू द्या, आणि पुन्हा येऊ नका, आम्हीच कमी पडतो.

त्या माणसाकडून ही कबुली! येताना लक्ष्मी रोडवरून मुक्ताला साडी घेतली. मध्यंतरी तिला बरंच बोललो होतो.

९ नोव्हेंबर

महिनाभर एकही तक्रार नाही. लिफ्टमध्ये लोक पुन्हा माझ्याबरोबर उभे राहतात. कुलकर्णींनी स्वतःची नोटीस स्वतःच काढली. रोज सकाळी लॉबीत अकराव्याचे पाच फवारे मारतो. सवय झाली लोकांना, आता त्याशिवाय करमणार नाही.

पुढचं ठरलं. साखरपुड्यानंतर कंपनी. आधी पुणे, मग दुबई. ऋतुजाला लग्नानंतर नोकरी करायची गरज नाही, मार्केटिंग बघेल. तिला अजून सांगितलेलं नाही.

२९ नोव्हेंबर

उद्या. भाषण पाठ. वेळ अंदाजे वीस मिनिटं. शेवटी ‘ऋतुगंध हा माझ्या लेकीचाच सुगंध’ इथे आवंढा गिळायचा. आरशासमोर करून बघितलं, खरंच आला.

ऋतुजा अचानक येऊन शेजारी बसली. म्हणाली, बाबा, उद्या भाषण राहू द्या ना. म्हणालो, बेटा, सगळं तुझ्यासाठीच तर आहे. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून थोडा वेळ बसली. केस नुकते धुतले होते, ओले होते.

३० नोव्हेंबर, रविवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

सुरुवात उत्तम. दारात मी उभा. प्रत्येकाच्या हाताच्या मागच्या बाजूला अत्तर. उत्तरेश्वररावांनी आधी हात मागे घेतला, मग दिला, हुंगला, बायकोकडे बघितलं. म्हणाले, चांगलंय, गार आहे. दुर्गाबाईंनी नाकाला रुमाल लावला होता, तो खाली घेतला आणि माझ्याकडे बघून हसल्या. दमा नाही, काही नाही. मी ऋतुजाकडे बघितलं. माझ्याकडे बघत नव्हती, पण चेहरा सुटला होता.

मग पूजा. यजमान म्हणून मी आणि मुक्ता पाटावर. मागे दीडशे माणसं. गुरुजींचा हात लागून पंचपात्र कलंडलं. पाणी संपलं. गुरुजी म्हणाले, पाणी आणा कोणी तरी. आप्पा शेजारीच खुर्चीवर. कोणी उठायच्या आत त्यांनी पाटाजवळ ठेवलेली माझी मोठी बाटली उचलली, बूच काढलं आणि ऋतुगंध पंचपात्रात ओतला.

मी ओरडलो. अहो आप्पा, स्पिरिट आहे ते! लवंग आहे! गुरुजी, थांबा, विष होईल! आप्पा म्हणाले, वरडू नगं. नळाचं पानी हाय. दसऱ्यापास्नं पानीच हाय. आणि उरलेली बाटली तोंडाला लावून घटाघट प्यायले.

मी मुक्ताकडे बघितलं. मी घेतलेल्याच साडीत होती. खाली बघत म्हणाली, लोक बघतायत, पुढचं करा.

गुरुजी थांबायला तयार नव्हते, त्यांना पुढे दुसरीकडे लग्न लावायचं होतं. पळीभर माझ्या तळहातावर सोडलं. केशवाय नमः, प्या. प्यायलो. पाणी होतं. नारायणाय नमः. पुन्हा प्यायलो. पाणीच. माधवाय नमः.

मागे कोणी तरी आधी हसलं. मग सगळेच. तेजसही हसत होता, मग ऋतुजाने त्याच्याकडे बघितल्यावर थांबला. दुर्गाबाई शेजारच्या बाईला म्हणाल्या, पोरगी हुशार हाय, निभावून नेलं बघा.

साखरपुडा झाला. भाषण झालं नाही.

१ डिसेंबर

कट. सख्ख्या घरात कट. नाकाला फसवणं हा गुन्हा आहे, कुठल्या कलमाखाली येतो ते वकिलाला विचारणार. मुक्ताशी अबोला. पाण्यातही मला लिंबू जाणवलं, कारण बाटलीत मूळ अत्तराचा अंश राहिला असणार. नाजूक नाकालाच तो कळतो. उलट हे माझं यश.

हे ऋतुजाला ऐकवलं. ती म्हणाली, बाटल्या नव्या आणल्या होत्या, बाबा.

४ डिसेंबर

नाक-कान-घसावाले डॉक्टर. मी जाणार नव्हतो, मुक्ताने गाडी थेट तिथे नेली. मला सिद्धच करायचं होतं. डोळे मिटायला सांगून त्यांनी तीन बाटल्या एकामागून एक नाकाखाली धरल्या.

पहिली: मोगरा, असं मी सांगितलं. दुसरी: संत्रं, मागे थोडा वेलदोडा. तिसरीला वेळ घेतला, ती अवघड होती. जुनं चंदन, थोडा ओलसरपणा.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. पहिलीत कॉफी होती. तिसरी रिकामी होती. दुसरीत लवंग. तीच, जिच्या मी बाटल्याच्या बाटल्या ओतल्या.

डॉक्टरांनी विचारलं, मोठा ताप कधी आला होता? मी आठवत होतो तोवर मुक्ता म्हणाली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तेव्हापासून ह्यांना कशाचाच वास नाही. परत येईल का, मी विचारलं. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी आशा धरू नये. आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

डॉक्टरांच्या बाटल्या जुन्या असाव्यात. दुसरं मत घेणार.

६ डिसेंबर

दुसरं मत घेतलं नाही.

ऋतुजाला विचारलं, तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं? ती म्हणाली, पहिल्यापासून. तुम्ही भाजीत हिंग जास्त झालं म्हणणं बंद केलंत तेव्हाच कळलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कोणी बोललो नाही. मग तुम्ही कार्ड छापून आणलंत आणि सांगायची वेळच गेली.

विचारलं, मग माझं अत्तर खरंच कसं होतं? ती म्हणाली, सांगू का खरंच? म्हणालो, नको.

खूप वाईट वाटलं. हे लिहायला कोणाची परवानगी लागत नाही म्हणून लिहितो.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळी साडेनऊ

बेल वाजली. सेक्रेटरी कुलकर्णी, बरोबर कमिटीतले दोघे. कुलकर्णी अत्यंत अदबीने म्हणाले, रायकर, आपल्याशिवाय या सोसायटीत हे काम कोणी करू शकत नाही, सर्वानुमते आपलंच नाव आलं.

मी लगेच शर्ट बदलला. लॉबीसाठी कायमचा सुगंध हवा असणार. वास येत नाही म्हणून काय झालं, सूत्र डोक्यात आहे. चालता चालता लिंबू किती, वेलदोडा किती याचा हिशेब सुरू केला. मनाशी ठरवलं, लवंग यंदा कमीच.

ए विंगच्या मागे नेलं. पाइपांच्या डक्टचं दार उघडं होतं. सगळी माणसं बरीच लांब उभी, नाकाला रुमाल. बी विंगचे ते गृहस्थही होते. कुलकर्णी तिथूनच ओरडले, आत घूस मरून पडली आहे, चार दिवस झाले, सफाईवाला दोनदा येऊन परत गेला, आत कोणाला जाववत नाही, आपल्याला काय, काहीच नाही. आणि हातमोजे फेकले.

वर गॅलरीतून आप्पा ओरडले, जा रं जा, भ्यायचं काय त्यात?

गेलो. काढली. मोठी होती. पिशवीत भरून कचरागाडीपर्यंत घेऊन गेलो तेव्हा लोकांनी रस्ता करून दिला. दोघांनी टाळ्या वाजवल्या. कुलकर्णी म्हणाले, जानेवारीत टाकीचा चेंबरही बघायचा आहे, डायरीत लिहून ठेवा.

घराच्या दारात ऋतुजा ओढणी नाकाला लावून उभी होती. म्हणाली, बाबा, तिथेच थांबा, आत येऊ नका. आतून कसलासा स्प्रे घेऊन आली. हात लांब करून माझ्या डोक्यापासून पायापर्यंत मारला. मग वळा म्हणाली. पाठीवरही मारला.

गार लागला. कसला होता ते मी विचारलं नाही.